घराचं काम : मातीखालचं घर आणि पाण्याची वाट

गेल्या महिन्यात या पानावर जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं टाकीची नव्हतीच. तळघरं, उतारावर मातीत अर्धी गाडलेली घरं, पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांचे ओले कोपरे असं बरंच काही त्यांत होतं. म्हणून हा अंक त्यांच्यासाठी. प्रश्न थोडक्यात दिले आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं निवृत्त आहोत. मुळशीकडे उतारावर आमची थोडी जागा आहे. तिथे तीन बाजूंनी माती, वर गवत आणि फक्त पूर्वेला मोकळं असं घर बांधायचं आहे. उन्हाळ्यात पंख्याचीही गरज पडत नाही असं ऐकलंय. आमचे आर्किटेक्ट म्हणतात, चार मिलिमीटरची मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी शीट, चिकटवली की झालं. ठेकेदार म्हणतो, शहाबादी फरशीची बॉक्स ट्रीटमेंटच टिकते. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : काका, काकू, तुमचं घर मला मनापासून आवडलं. अमेरिकेत १९७० च्या दशकात इंधनटंचाईनंतर अशा घरांची मोठी लाट आली होती. आपल्या हवेत तर ती जास्तच शोभतात, कारण दोन-तीन मीटर खाली माती वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाची असते. पण तुमचे आर्किटेक्ट आणि ठेकेदार दोघंही एकाच गोष्टीवर वाद घालताहेत : भिंतीला टेकलेलं पाणी आत कसं येऊ द्यायचं नाही. मला आधी हे विचारायचंय की पाणी भिंतीला टेकून उभं राहतंच का? त्याला निघून जायची वाट दिली, तर मेंब्रेनचं काम निम्मं हलकं होतं. नाही दिली, तर जगातली सगळ्यात महाग मेंब्रेनही कधीतरी एका टाचणीएवढ्या भोकापाशी हरते.

म्हणून पहिलं काम खड्ड्याचं. घराची मागची भिंत जिथे येणार, तिथे पायाच्या खोलीपर्यंत एक माणूस आत उतरेल एवढा चाचणी खड्डा घ्या आणि तो ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये बघा. मार्चमध्ये खणलेला खड्डा तुम्हाला काहीच सांगणार नाही. खड्ड्याच्या कडा मजबूत आहेत याची खात्री करूनच कोणाला आत उतरवा.

तुमच्याच भागातल्या एका जागेवर अशा खड्ड्यात मी उतरले होते, ते सांगते. वर हातभर काळी-तांबूस माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, तो कुदळीनं सहज सुटणारा. कमरेच्या उंचीवर मुरूम संपून भोकाभोकांचा, सडलेला खडक सुरू झाला. त्याच्याखाली विटेच्या रंगाचा, चिकण, बोटानं दाबला तर नखात भरेल असा तांबडा थर. पाणी कुठून येत होतं? त्या तांबड्या थराच्या बरोबर वरच्या रेषेतून. खड्ड्याच्या चारपैकी फक्त डोंगराकडच्या बाजूनं, आणि तेही सगळीकडून नाही, तीन ठिकाणांहून. बाकी खड्डा नुसता ओलसर होता. पाऊस दोन दिवस थांबला होता, तरी ती रेषा वाहत होती.

आपला सगळा प्रदेश लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. भोकाचा, भेगाळलेला खडक पाणी पितो आणि पुढे नेतो. घट्ट काळा खडक आणि तो चिकण तांबडा थर पाणी अडवतात. दोघांच्या सांध्यावर पाणी आडवं सरकत उतारावर बाहेर येतं, आपले झरे असेच फुटतात. बावधनचा झरा आठवा. तुम्ही डोंगर कापून घर आत सरकवता तेव्हा अशी एखादी रेषा कापली जाण्याची शक्यता मोठी असते. ती नेमकी कुठे आहे हे बांधकामाआधी समजलं, तर तिच्यासमोर जास्त खडी आणि स्वतंत्र पाइप देता येतो. घर एखादा मीटर वर किंवा पुढे घेता आलं तर फारच उत्तम. आणि हो, एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नसते. नकाशा काढण्याआधी उताराची मोजणी करून घ्या.

आता आकडे बघा, कारण ते पाहिल्यावर माझं म्हणणं पटेल. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी काठोकाठ साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टन दाब येतो. भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर नुसत्या पाण्याचे साडेचार टन. निचरा झालेल्या मातीचा जोर याच भिंतीवर साधारण चार टन धरतात. पाणी साचलं की माती आणि पाणी मिळून साडेसहा टनांच्या पुढे जातात. म्हणजे निचरा नसेल तर प्रश्न फक्त ओलीचा राहत नाही, भिंतीच्या ताकदीचाही होतो.

निचरा असा करायचा. घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून काही मीटर लांब, एक उघडा चर. डोंगरावरून वाहत येणारं पावसाचं पाणी तिथेच वळून घराच्या दोन्ही बाजूंनी खाली गेलं पाहिजे. मावळातला कुठलाही शेतकरी उपळट, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या, वावराला हेच करतो, त्याला बोलवून उतार दाखवायला सांगा, तो लेव्हल मशीनच्या आधी सांगेल. मग भिंतीला लागून, पायाच्या कडेनं, १०० मिलिमीटर व्यासाचा छिद्रांचा पाइप. त्याचा तळ आतल्या फरशीच्या पातळीपेक्षा खाली हवा. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते : पाइप टाकलेला असतो, पण फरशीच्या वर, म्हणजे खोली ओली झाल्यावरच तो वाहायला लागतो. शंभराला एक असा उतार, भोवती २० मिलिमीटरची स्वच्छ धुतलेली खडी, आणि सगळ्याला गुंडाळलेलं जिओटेक्स्टाइल कापड. कापड नसेल तर मातीचे बारीक कण काही पावसाळ्यांत खडी बुजवून टाकतात. भिंतीच्या पूर्ण उंचीला खडीचा हातभर रुंद पट्टा किंवा उंचवटे असलेली एचडीपीई प्लॅस्टिकची निचरा-शीट. पाइपचं तोंड खाली उतारावर मोकळ्या हवेत उघडलं पाहिजे, जाळी लावून. तुमच्याकडे उतार आहे, म्हणून पंपाशिवाय हे होतं. हे उतारावरच्या घराचं मोठं भाग्य आहे, ते वाया घालवू नका.

आणि प्रत्येक कोपऱ्यावर पाइपला जमिनीपर्यंत एक उभी नळी द्या, झाकणासकट. कात्रजहून शनिवारवाड्याकडे पेशव्यांनी जे पाणी नळानं आणलं, त्या नळाला जागोजागी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी तोंडं, ठेवलेले होते. आत उतरून गाळ काढता यावा, ही त्या काळच्या कारागिरांची दृष्टी. आपण आज पाइप पुरतो आणि विसरून जातो.

मग मेंब्रेन की बॉक्स? दोन्ही चालतात, दोन्ही फसतात. बॉक्स ट्रीटमेंटमध्ये शहाबादी फरशी राफ्टच्या, म्हणजे घराखालच्या सलग काँक्रीट पायाच्या, खाली आणि भिंतीच्या बाहेरून लावतात, मागची पोकळी वॉटरप्रूफ सिमेंटच्या पातळ मालानं भरतात. पुण्यात-मुंबईत तळघरांना ती वर्षानुवर्षं होत आली आहे आणि जाणता मिस्त्री असेल तर टिकते. तिचा जीव फरशीच्या सांध्यांत आणि मागच्या भरण्यात असतो. पोकळी राहिली का ते हातोडीनं ठोकून आवाजावरून बघा. पण फरशी ताठ असते. भिंत किंचित हलली, आकसली तर सांधा उघडतो. मातीत गाडलेल्या, उताराचा रेटा सोसणाऱ्या घराला मी बाहेरून पूर्ण चिकटणारी मेंब्रेन निवडेन. ‘पूर्ण चिकटणारी’ यावर माझा जोर आहे. सैल अंथरलेल्या शीटला एका ठिकाणी भोक पडलं तर पाणी तिच्याखालून घरभर फिरतं आणि आत भलत्याच भिंतीवर उगवतं. शोधायचं कुठे? चिकटलेली असेल तर गळती जिथे आहे तिथेच दिसते. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण बरी उत्पादनं अनेकांची आहेत. ओल्या काँक्रीटवर गॅसची शेगडी फिरवून चिकटवलेली मेंब्रेन मात्र कोणाचीही असो, सुटते.

या सगळ्याच्या आधी काँक्रीट. तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना सांगा की मातीतल्या भिंती पाण्याच्या टाकीच्या हिशेबानं, म्हणजे आयएस ३३७० प्रमाणे डिझाइन करा. त्यात भेगांची रुंदी ०.२ मिलिमीटरच्या आत ठेवण्याचा विचार असतो. एम-३० किंवा त्याहून वरच्या ताकदीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत, आणि मिक्सरवर कोणी ‘जरा पातळ करू’ म्हणून बादली ओतणार नाही याची जबाबदारी एका माणसावर. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, निदान दहा दिवस, कारण हल्ली बहुतेक सिमेंट राखमिश्रित असतं.

राफ्ट आणि भिंत यांच्या सांध्यापाशी त्या दिवशी तुम्ही स्वतः उभे राहा. गळणाऱ्या तळघरांत पाणी बहुधा इथूनच येतं. आदल्या दिवशीच्या काँक्रीटवर पांढुरका ठिसूळ थर बसलेला असतो, तो तारेच्या ब्रशनं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं खडी दिसेपर्यंत काढायचा. शटरिंगच्या आत वाकून बघा : लाकडाचा भुस्सा, बांधणीच्या तारेचे तुकडे, चहाचा कागदी कप, हे सगळं तिथे सापडतं आणि त्याच्यावरच काँक्रीट ओतलं जातं. सांध्यात पीव्हीसीची वॉटरबार, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, असेल तर तिला खिळा मारलेला नाही, ती आडवी झोपलेली नाही, आणि तिचे दोन तुकडे एकमेकांवर नुसते ठेवलेले नसून गरम करून जोडलेले आहेत, हे बघा. शटरिंग आवळायला भिंतीतून आरपार घातलेल्या नळ्यांची भोकं मोजून, एकेक आतून-बाहेरून बंद करून घ्या. राहिलेलं प्रत्येक भोक म्हणजे तयार नळ.

भराव घालताना खणलेली काळी माती परत भिंतीशी ढकलू नका. ती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि भिंतीला दर वर्षी ढकलत राहते. मेंब्रेनवर आधी संरक्षक बोर्ड किंवा निचरा-शीट, मग मुरूम, वीतभर थरांनी, हलक्या यंत्रानं दाबत. जेसीबीनं वरून ढकललेला एक टोकदार दगड तुमची सगळी मेंब्रेन निकामी करतो आणि ते कोणाला दिसतही नाही. म्हणून ठेक्यात एक ओळ घाला : भराव घालण्याआधी मालकाची आणि इंजिनिअरची सही. प्रत्येक टप्प्याचे फोटो, शेजारी टेप धरून. दहा वर्षांनी कुठे खणायचं हे तेच फोटो सांगतील.

वरच्या स्लॅबचं पुढच्या उत्तरात येतंच आहे.

प्रश्न : घराच्या स्लॅबवर दीड फूट माती टाकून बाग करायची आहे. वाळा, लिंबू आणि एखादं सोनचाफ्याचं झाड लावलं तर चालेल का? स्लॅब साधाच आहे.

उत्तर : साध्या स्लॅबवर नाही, कृपया थांबा. दीड फूट माती पावसात भिजली की चौरस मीटरला ८५० ते ९०० किलो होते. घरातल्या खोलीत माणसं आणि सामान मिळून २०० किलो धरतात. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी हिशेब घ्या. तो अनुकूल आला तरच पुढचं.

वाळा जमिनीत मला फार आवडतो, पण स्लॅबवर नको. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जायला निघतात. चाफा आणि लिंबूही नको. गवत, गवती चहा, ओवा, झेंडू, अबोली अशी उथळ मुळांची झाडं लावा. आणि दर पावसाळ्यानंतर पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून आलेली पिंपळ-उंबराची रोपं बोटभर असतानाच उपटा.

स्लॅबला उतार निदान शंभराला एक, जमल्यास त्याहून जास्त. वॉटरप्रूफिंग झालं की तोंडं बंद करून त्यावर ७२ तास पाणी साठवा आणि खालून छत बघा. मग मुळं अडवणारी शीट, निचऱ्याचा थर, कापड, आणि शेवटी माती. पाणी जाण्याची तोंडं मातीत पुरू नका. त्यांच्याभोवती खडीची चौकट आणि वर उघडणारी जाळी ठेवा, म्हणजे हात घालून साफ करता येतील.

प्रश्न : बाणेरला उतारावर आमचं रो-हाउस आहे. खालच्या मजल्याची मागची भिंत मातीत आहे, तिथे मुलाची अभ्यासाची खोली केली, एसीही आहे. श्रावणात कपाटामागे काळी बुरशी येते, पुस्तकांना वास येतो. दोन ठेकेदार येऊन गेले. एक म्हणाला, मागे खणून सगळं नव्यानं करावं लागेल. दुसरा म्हणाला, आतून इपॉक्सी मारू. दोन्ही महाग आहे. काय करू?

उत्तर : ताई, अजून एक रुपयाही देऊ नका. आधी एक चाचणी करा, तिला चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचा तुकडा लागतो. कपाट सरकवा, भिंत कोरड्या फडक्यानं पुसा. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. पाणी प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. प्लॅस्टिकच्या वर, खोलीच्या बाजूला दमटपणा आला आणि मागे कोरडं राहिलं, तर ते हवेतलं पाणी आहे आणि मागे खणून काहीही होणार नाही. खाली, मध्ये, वर अशा तीन ठिकाणी करा. दोन्ही प्रकार एकाच भिंतीवर असू शकतात.

तुमच्या पत्रात एसीचा उल्लेख आहे, म्हणून मला हवेचा संशय जास्त आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. मातीतली भिंत मुळातच खोलीपेक्षा थंड. त्यात रात्रभर एसी चालून ती आणखी गार झाली आणि सकाळी दार-खिडकी उघडून बाहेरची दमट हवा आत घेतली, की ती हवा भिंतीवर जाऊन बसते. थेंब दिसायलाच हवेत असंही नाही. भिंतीलगतची हवा दिवसेंदिवस दमट राहिली तरी बुरशी धरते, आणि कपाटामागे तर वारा पोचतच नाही.

निदान हवेचं निघालं तर : कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि पायांवर उचललेलं. मुलाचे ओले कपडे, छत्री, रेनकोट त्या खोलीत वाळवायचे नाहीत. एसी फार थंड करायचा नाही, ड्राय मोडवर ठेवायचा, किंवा पावसाळ्यापुरता डीह्युमिडिफायर. शंभर-दोनशे रुपयांचं आर्द्रतामापक यंत्र मिळतं, ते टांगून ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. खिडकी पावसात दिवसभर उघडी टाकणं इथे उलटं पडतं. उघाड पडली की उघडा. बुरशी कोरड्या ब्रशनं झाडू नका, तिची भुकटी मुलाच्या श्वासात जाते. ओल्या फडक्यानं, साबणाच्या पाण्यानं पुसा, तोंडाला मास्क लावून.

भिंतीतूनच ओल येत असेल, तरी इपॉक्सी आधी नको. तो चकचकीत थर मागून येणाऱ्या पाण्याच्या रेट्यानं फुगून सुटतो. बाहेर जाऊन बघा : मागच्या बागेचा उतार घराकडे आहे का? ठिबकची नळी भिंतीशी आहे का? गच्चीच्या पन्हळीचं पाणी कुठे पडतं? मी बघितलेल्या रो-हाउसेसमध्ये यांतलं एखादं दुरुस्त केल्यावर पुष्कळदा खणायची वेळच आलेली नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि लिफ्टच्या खड्ड्यात वर्षभर पाणी येतं. एका ठेकेदारानं दोनदा आतून सिमेंट मारलं, पाणी दोन फूट बाजूला सरकलं. सभेत रोज भांडणं होतात. मी सेक्रेटरी आहे.

उत्तर : ‘वर्षभर’ हा शब्द महत्त्वाचा आहे, सेक्रेटरीसाहेब. डोंगरातलं पाणी पावसाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात बरंच ओसरतं. मे महिन्यातही तेवढंच येत असेल तर आधी आपलीच टाकी तपासा. जमिनीखालची टाकी बहुधा तळघराच्या भिंतीला लागूनच असते. रात्री टाकी भरा, येणारा आणि जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पातळीची खूण करा, सकाळी बघा. खड्ड्यातल्या पाण्याची क्लोरिन-चाचणीही करा. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरिन सापडलं तर भांडणाचा अर्धा विषय तिथेच मिटेल. नाहीच सापडलं तरी टाकी निर्दोष ठरत नाही, कारण मातीतून येताना क्लोरिन उडून जातं. पाण्याला ड्रेनेजसारखा वास येतो का तेही बघा.

पाणी भूगर्भातलंच निघालं, तर आतून सिमेंट मारून ते सरकतच राहणार. आतून करण्याजोगं काम म्हणजे इंजेक्शन. भेगेच्या बाजूनं तिरपी भोकं पाडून, ती भेगेला भिंतीच्या जाडीच्या मध्यावर छेदतील अशी, दाबानं पॉलियुरेथेन भरतात. वाहतं पाणी आधी फेसाळणाऱ्या रेझिननं थांबवायचं, मग न फेसाळणारं रेझिन भरून भेग कायमची बंद करायची. पहिलंच करून निघून जाणारे पुष्कळ आहेत, म्हणून दोन्ही टप्पे दरपत्रकात वेगळे लिहून मागा. त्यानंतर सच्छिद्र भागावर काँक्रीटच्या केशनलिकांत जाऊन स्फटिक धरणारं कोटिंग.

पण तरीही मी सांगेन की पार्किंगला थोडं पाणी येणार हे धरून भिंतीच्या कडेनं उथळ नाली आणि एक खड्डा करा. त्यात दोन पंप, एक बंद पडला तर दुसरा चालू होणारा, जनरेटरच्या लाइनवर. लिफ्टचा खड्डा मात्र कोरडाच हवा, तिथे तडजोड नाही. आणि स्लॅब किंवा कॉलमवर गंजाचे तांबडे ओघळ, सुटलेलं काँक्रीट दिसत असेल तर वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा.

प्रश्न : सदाशिव पेठेत आमचा आजोबांच्या वेळचा वाडा आहे. तळघराच्या भिंती दगड-चुन्याच्या. काही वर्षांपूर्वी ओल दिसते म्हणून वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता पोपडे पडतात, आणि ओल वर माजघरापर्यंत चढली आहे. लहानपणी हे तळघर इतकं ओलं कधीच नव्हतं.

उत्तर : तुमची आठवण खरी असणार. चुन्याची भिंत थोडं पाणी घेते आणि थोडं सोडते. तळघराच्या बाजूनं ती वाळत होती. सिमेंटनं ती बाजू बंद केली, तेव्हा पाणी भिंतीतच वर चढून, जिथे सिमेंट संपतं तिथे बाहेर पडू लागलं. बरोबर आणलेले क्षार तिथेच साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा ढकलतात. तोच लोणा.

सिमेंट काढा, छिन्नीनं, हलक्या हातानं, दगडाला धक्का न लावता. फेब्रुवारी ते मे भिंत उघडी ठेवून वाळू द्या. वर येणारा पांढरा खार कोरड्या ब्रशनं झाडून, सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्यानं धुतलात तर तो परत भिंतीत शिरेल. मग मुरवलेल्या चुन्याचा गिलावा, एकास तीन वाळू, पातळ थरांत, ओली गोणपाटं लावून सावकाश वाळवलेला. पहिला गिलावा काही वर्षांत खार ओढून खराब होईल. तो होऊ द्या, त्याचं कामच ते आहे, आणि परत करा. वर डिस्टेंपर, ऑइलपेंट काही नको, चुन्याची सफेदी.

आणि बाहेर या. पेठांमध्ये डांबरावर डांबर चढून रस्ते वर आलेत, वाड्यांची जोती खाली गेल्यासारखी झालीत. तुमच्या तळघराचे रस्त्याकडचे झरोके बुजले असतील किंवा पाणीच आत ओढत असतील. ते मोकळे करून उंबरठ्यासारखी कड बांधा. परसातला जुना आड बुजवला असेल तर तेही मला कळवा, कारण मग पाण्याची बाजू वेगळी असू शकते. परवडत असेल तर चुन्याचं काम जाणणाऱ्या संवर्धन-वास्तुविशारदाला एकदा दाखवा. असे वाडे आता फार उरले नाहीत.

प्रश्न : सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नदीपासून फार लांब नाही, जुना बंगला पाडून नवा बांधतोय. निळ्या पूररेषेच्या बाहेर आहोत. होम थिएटर आणि पाहुण्यांची एक खोली असं तळघर करायचंय. वॉटरप्रूफिंगवर हवा तेवढा खर्च करायची तयारी आहे.

उत्तर : माझं उत्तर ‘करू नका’ असं आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या. निळीच्या बाहेर म्हणजे पुराच्या बाहेर नव्हे. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. पुराचं पाणी भिंतीतून येत नाही, जिन्यावरून येतं, आणि त्यावर कुठलीही मेंब्रेन नाही. रात्री खाली पाहुणे झोपलेले असतील, हा विचार मला करवत नाही. राहण्याच्या खोलीला तळघरात परवानगीही मिळत नाही.

दुसरं, नदी वाढते तेव्हा भोवतीच्या जमिनीतलं पाणीही वर येतं. ६ मीटर बाय ५ मीटरचं, ३ मीटर खोल तळघर पूर्ण पाण्यात बुडालं तर त्याला ९० टनांचा जोर खालून वर ढकलतो. घर पूर्ण झाल्यावर वजन त्याला दाबून धरतं. पण फक्त राफ्ट आणि भिंती झाल्या आहेत आणि पावसाळा आला, अशा वेळी रिकामं तळघर उचललं जाऊ शकतं, तडकतं.

थिएटर पहिल्या मजल्यावर करा. बंगला स्टिल्टवर, म्हणजे नुसत्या खांबांवर, उचलून खाली गाड्या लावा, विजेचा मीटर, इन्व्हर्टर आणि पंपाचं स्टार्टर छातीच्या वर बसवा. आर्किटेक्टना सांगा की जोत्याची उंची २०२४ च्या पाण्याच्या खुणेवरून ठरवायची आहे. शेजारच्या कंपाउंडवर ती खूण अजून दिसत असेल, तर रंग लागण्याआधी टेप लावून मोजून ठेवा.